मोडण्यासाठी बांधलेले पूल

दोन टेबलांमधील पोकळीवर एक चिमुकला लाकडी पूल ठेवलेला आहे. लांबी जेमतेम हातभर. दांडे काड्यापेटीतील काडीहून किंचित जाड. पुलाच्या मध्यावरून साखळीने एक बादली टांगली आहे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मे चढवलेली तेरा-चौदा वर्षांची दोन मुले त्या बादलीत वाळू ओतीत आहेत. प्रारंभी वाळू भराभर पडते. पाच किलो, सात किलो. मग ओतणाऱ्याचा हात आपोआप मंदावतो. त्याचा जोडीदार बादलीकडे पाहतच नाही. तो गुडघे टेकून, पुलाच्या उंचीला डोळे आणून, एकाच काडीकडे टक लावून बसला आहे. ती काडी किंचित बाकदार झाली आहे काय? भास असावा. आणखी थोडी वाळू पडते. आता काडी स्पष्टपणे वाकलेली दिसते, आणि पुढच्याच क्षणी ‘कट्’ असा कोरडा आवाज होऊन कित्येक आठवड्यांचे श्रम बादलीसह खाली येतात.

अमेरिकेतील शाळांना हे दृश्य चांगले परिचित आहे. ‘सायन्स ऑलिम्पियाड’ ही शालेय विज्ञानस्पर्धा तेथे १९८४ साली सुरू झाली. तिच्या अनेक विभागांपैकी एक बांधकामाचा असतो. काही वर्षे मुलांनी लाकडी पूल बांधावयाचा, काही वर्षे मनोरा, तर काही वर्षे भिंतीतून बाहेर झेपावणारा आधारबाहू. शिकागो येथील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९७० च्या दशकात उगम पावलेली पूल-बांधणी स्पर्धा त्याहून जुनी. पुढे तिच्या प्रादेशिक फेऱ्या अन्यत्रही होऊ लागल्या आणि त्यांतील अग्रणी विद्यार्थी अंतिम फेरीसाठी एकत्र येऊ लागले. या संस्थेचा परिसर मीस व्हॅन डर रोह या विख्यात वास्तुशिल्पज्ञाने आखलेला आहे. तेथील क्राउन हॉल या १९५६ सालच्या इमारतीचे छत वरून जाणाऱ्या चार पोलादी तुळयांना टांगलेले असून आतील विस्तीर्ण दालनात भार घेणारा एकही खांब नाही. भार कोठून कोठे जातो हे उघड दाखविणाऱ्या अशा वास्तूच्या शेजारी मुलांनी काड्यांचे पूल घेऊन यावे, हा योग मोठा समर्पक म्हणावा लागेल.

किती उचलले, यापेक्षा कितीत उचलले

सर्वाधिक वजन पेलणारा पूल विजयी, अशी सामान्य समजूत असते. ती बरोबर नाही. तसे असते तर सर्वांत अधिक लाकूड व गोंद वापरणाऱ्यास बक्षीस मिळाले असते. या स्पर्धांचा निकाल एका साध्या भागाकारावर लागतो: पुलाने पेललेला भार भागिले पुलाचे स्वतःचे वजन. या भागाकारास रचनेची कार्यक्षमता म्हणतात. समजा, एका पुलाचे वजन ३० ग्रॅम आहे आणि त्याने ५० किलो भार पेलला. त्याची कार्यक्षमता सुमारे १,६६७ झाली. दुसरा पूल ४० किलोवरच मोडला. परंतु त्याचे वजन अवघे २० ग्रॅम होते. त्याची कार्यक्षमता २,०००. दुसरा जिंकला. बँकेच्या वाचकांस हे गणित नवे वाटू नये. निव्वळ नफ्याचा आकडा पाहून कोणी जाणकार एखाद्या व्यवसायाची पारख करीत नाही. तो नफा किती भांडवलावर मिळाला हे आधी विचारले जाते.

शिकागोच्या स्पर्धेच्या नियमपत्रिकांत आणखी काही मार्मिक अटी आढळतात. बासवुड नावाच्या लाकडाच्या, इंचाच्या तीन-बत्तिसांश, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर जाडीच्या चौकोनी काड्या आणि बाजारात सहज मिळणारा गोंद, एवढ्याच वस्तू वापरावयाच्या. ५० किलोंपलीकडचा भार हिशेबात धरला जात नाही. म्हणजे गरजेपेक्षा अधिक बळकटपणाला शून्य गुण, उलट त्यापायी वाढलेल्या वजनाचा दंडच. पूल मोडला नाही, परंतु ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे खाली झुकला, तरी तो नापास धरला जातो. प्रत्यक्ष जीवनातही हेच खरे आहे. आगगाडी जाताना हातभर लचकणाऱ्या पुलावरून, तो तुटत नाही एवढ्याच भरवशावर, कोण प्रवास करील?

सर्वांत कसोटी पाहणारी अट भाराच्या जागेविषयी आहे. खरा पूल कोणत्याही जागी भार घेण्यास सिद्ध असावा लागतो, कारण त्यावरून वाहन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणार असते. लहान प्रतिकृतीच्या बाबतीत हे सुलभ करून भार टांगण्याच्या ठरावीक जागा नियमांत दिल्या जातात. मात्र त्यांपैकी कोणती वापरली जाणार हे परीक्षक स्पर्धेच्या दिवशी ठरवितात. त्यामुळे विद्यार्थ्यास पूल बांधताना आपल्या सोयीची एकच शक्यता धरून चालता येत नाही.

हिराची गोष्ट

या सर्व खटाटोपाच्या मुळाशी जे शास्त्र आहे, ते घरबसल्या अनुभवता येते. खराट्याचा एक लांब हीर घ्यावा. दोन्ही टोके धरून तो ओढून तोडण्याचा प्रयत्न करावा; बोटे दुखू लागतील, हीर सहसा तुटणार नाही. आता तोच हीर टोकांकडून आत दाबावा. तो लगेच धनुष्यासारखा वाकेल. लाकूड तेच, जाडी तीच. ताण तो लीलया सोसतो आणि दाब आला की बगल देतो. हीर मध्ये मोडून अर्धा करावा आणि पुन्हा दाबावा. या वेळी तो वाकविण्यास बराच अधिक जोर लागतो. सिद्धान्ताप्रमाणे दुपटीने नव्हे, चौपटीने. बारीक दांड्याची दाब सोसण्याची शक्ती त्याच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने अठराव्या शतकातच मांडून ठेवला आहे.

विद्यार्थ्याचा निम्मा वेळ या एका नियमाशी झगडण्यात जातो. पुलावर भार आला की त्याची खालची बाजू ताणली जाते व वरची दाबली जाते. खालच्या दांड्याची फारशी चिंता नसते. वरचा मात्र हिरासारखा वाकू पाहतो. तो जाड करावा तर वजन वाढते. त्याऐवजी त्याला मधूनमधून आडव्या-तिरप्या काड्यांचा आधार देऊन एका लांब दांड्याचे चार आखूड दांडे करावयाचे, ही युक्ती स्वस्त पडते. आधाराच्या त्या काडीवर स्वतः फारसा भार नसतो. ती केवळ दुसऱ्याला सरळ उभे राहण्यास मदत करते. पण ती काढून टाकली तर सारा पूल धोक्यात येतो. नवखा विद्यार्थी वजन वाचविण्यासाठी नेमकी तीच काडी काढतो.

त्रिकोणाचा महिमा येथेच कळतो. चार काड्यांचा चौकोन कोपऱ्यांशी खिळवला तरी हाताने ढकलताच तिरपा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण काडी मोडल्याशिवाय आकार बदलत नाही. आगगाडीने मोठी नदी ओलांडताना खिडकीतून एकामागून एक सरकत जाणारे पोलादी त्रिकोण आपण सर्वांनीच पाहिले आहेत. राजमहेंद्रीजवळ गोदावरीवरील, वर रस्ता व खाली लोहमार्ग असलेला १९७४ सालचा लांबलचक पूल हा त्याचा भव्य नमुना. अशा सांगाड्यास छपराच्या कामात आपले कारागीर कैची म्हणतात. अभियंते ट्रस म्हणतात. ट्रसमधील तिरप्या काड्या कोणत्या दिशेने झुकवाव्या, यावरून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पेटंटांची चढाओढ लागली होती. विल्यम हो याने १८४० साली घेतलेल्या पेटंटात तिरपे लाकडी दांडे दाब सोसतात व उभ्या लोखंडी सळया ताण. प्रॅट पितापुत्रांनी १८४४ साली हे उलटे केले. उभे, म्हणजे आखूड दांडे दाबासाठी आणि तिरपे, म्हणजे लांब दांडे ताणासाठी. हिराचा धडा ध्यानात असलेल्या वाचकास या बदलाचे मर्म सांगावे लागणार नाही. मात्र प्रॅटच्या रचनेत गोंदाच्या सांध्यावर ओढ येते, आणि सांधा कच्चा असेल तर उत्तम काडीही निरुपयोगी. कोणत्या रचनेने जावे, हे मुले काड्या मोडून मोडून ठरवितात.

प्रत्यक्ष बांधणीचे काम तर सुताराच्या चिकाटीचे आहे. प्रथम कागदावर पूर्ण आकाराचा आराखडा काढून त्यावर पारदर्शक प्लास्टिक पसरावयाचे, म्हणजे काड्या कागदाला चिकटत नाहीत. मग काड्यांची निवड. एकाच गठ्ठ्यातील, एकाच मापाच्या दोन काड्यांच्या वजनांत लक्षणीय अंतर असू शकते. बाल्सा या अतिशय हलक्या लाकडात तर फारच. म्हणून दक्ष विद्यार्थी प्रत्येक काडी तराजूवर घालतो, जड व ताठ काड्या दाबाच्या जागी योजतो व हलक्या इतरत्र. टोके तिरपी कापून पॉलिशपेपरने घासावयाची, कारण दोन काड्यांच्या मध्ये फट राहिली तर ती गोंदाने भरावी लागते. गोंदाचा तो गोळा बळ देत नाही, केवळ वजन देतो. पुलाच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या जुळ्या उतराव्या लागतात. एक बाजू केसभर जरी कलली तरी भार सरळ खाली न जाता पूल पिळवटतो, आणि कागदावर निर्दोष असलेली रचना निम्म्या भाराखाली मोडते. शिवाय हवेतील दमटपणा आहेच. लाकूड पाणी शोषते आणि काल तोललेला पूल आज जड भरतो. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या या मुलांना पावसाळी हवा परीक्षेतील अवघड प्रश्नासारखी वाटत असल्यास नवल नाही.

भारतातही अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांत आइस्क्रीमच्या काड्या आणि फेव्हिकॉल यांच्या पुलांच्या स्पर्धा होतात. शाळांच्या पातळीवर हा खेळ अद्याप तितका रुजलेला नाही. त्यास फारसा खर्च येत नाही, हे येथे नमूद करावयास हवे: एक जुडी काड्या, एक बाटली गोंद, एक बादली आणि वाळू.

नेव्हा नदीवरील न बांधलेला पूल

लाकडी प्रतिकृतीवर भार टाकून पुलाची परीक्षा घेणे ही कल्पना अमेरिकन शाळांची नव्हे. रशियातील इव्हान कुलिबिन या स्वयंशिक्षित यंत्रज्ञाने सेंट पीटर्सबर्ग येथील नेव्हा नदीवर सुमारे ३०० मीटर लांबीची एकच लाकडी कमान टाकण्याचा विचार मांडला होता. मध्ये एकही खांब नाही! तत्कालीन विद्वानांना ही कल्पना अशक्यप्राय वाटली. कुलिबिनने एक-दशांश आकाराची, म्हणजे तब्बल ३० मीटर लांबीची प्रतिकृती उभारली. १७७६ च्या अखेरीस विज्ञान अकादमीच्या समितीसमोर तिच्यावर पन्नास टनांहून अधिक भार रचण्यात आला. प्रतिकृती अविचल राहिली. कुलिबिनने आणखी भार चढवावयास लावला आणि मग स्वतःच वर चढून समितीच्या सदस्यांनाही बोलावून घेतले, असे सांगतात.

ऑयलर त्या वेळी याच अकादमीत होते. वय सत्तरीच्या उंबरठ्यावर, दृष्टी जवळजवळ गेलेली. प्रतिकृती भार पेलते म्हणून खरा पूल पेलेलच, हे अनुमान सरळ नाही, हे त्यांनी ओळखले होते. प्रतिकृतीची सर्व मापे दहापट केली तर तिचे आकारमान, आणि म्हणून वजन, हजारपट होते. परंतु प्रत्येक दांड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ केवळ शंभरपट वाढते. म्हणजे खऱ्या पुलाच्या प्रत्येक चौरस इंचास स्वतःच्याच वजनाचा दहापट ताप सोसावा लागतो. प्रतिकृतीच्या बळावरून पुलाचे बळ काढण्याची एक सुलभ रीत ऑयलरनी त्याच वर्षी लिहून ठेवली आणि कुलिबिनचे हिशेब बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. तरीही तो पूल कधी बांधला गेला नाही.

वीस ग्रॅमच्या पुलाने चाळीस किलो उचलल्याचे कौतुक करताना हा हिशेब विसरू नये. शाळेच्या टेबलावरील पूल स्वतःच्या वजनाच्या दोन हजारपट भार घेतो, कारण तो लहान आहे. मोठ्या पुलाचे सर्वांत मोठे ओझे बहुधा तो स्वतःच असतो. हे ओझे मोजण्यात झालेल्या चुकीची किंमत केवढी असते, हे कॅनडातील क्वेबेक शहराने पाहिले आहे.

पाऊण इंचावरून सव्वादोन इंच

क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीवर विसाव्या शतकाच्या आरंभी एक महाकाय पोलादी पूल उभा राहत होता. दोन्ही काठांवरून बाहू पुढे काढीत मध्यावर जोडावयाचे, अशी त्याची रचना. कोलकात्याचा १९४३ सालचा हावडा पूल याच जातीचा. मधला गाळा १,६०० फुटांचा आखला होता, तो पुढे १,८०० फुटांचा करण्यात आला. म्हणजे त्या प्रकारातील जगात सर्वांत मोठा. गाळा वाढला, परंतु पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब त्या प्रमाणात नव्याने झाला नाही. पोलाद प्रत्यक्ष तयार होऊन तोलले गेले, तेव्हा ते गृहीत धरलेल्या वजनापेक्षा बरेच अधिक भरले. तोवर काम पुष्कळ पुढे गेले होते. थिओडोर कूपर हे ज्येष्ठ सल्लागार अभियंता प्रकृतीच्या कारणास्तव न्यूयॉर्कमध्येच असत. वाढलेला ताण सुरक्षित मर्यादेत असल्याचे त्यांनी मानले आणि काम चालू राहिले.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये खालच्या बाजूचा, दाब सोसणारा एक प्रचंड दांडा वाकलेला आढळला. नॉर्मन मॅक्ल्युअर हा जागेवरील तरुण अभियंता मोजमापे घेत होता. आठवडाभरापेक्षा थोड्या अधिक काळात तो बाक पाऊण इंचावरून सव्वादोन इंचांवर गेला होता. काहींचे म्हणणे असे पडले की दांडा कारखान्यातूनच वाकडा आला असावा. वाद होत राहिला. अखेर मॅक्ल्युअर स्वतः न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्ट रोजी कूपरनी मोजमापे पाहताच, पुलावर आणखी भार चढवू नये अशा आशयाची तार केली. मात्र ती पोलाद बनविणाऱ्या कंपनीकडे, पेनसिल्व्हेनियातील फिनिक्सव्हिल येथे गेली. क्वेबेकला काम थांबविण्याचा आदेश वेळेत पोहोचलाच नाही. त्या दिवसाचे काम संपण्याच्या सुमारास सुमारे १९ हजार टन पोलाद काही सेकंदांत नदीत कोसळले. ७५ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत उंचीवरील पोलादकामासाठी प्रसिद्ध असलेल्या मोहॉक या मूळनिवासी समाजातील तीसहून अधिक जण होते. एकाच लहान वस्तीतील.

पुन्हा बांधणी सुरू झाली. १९१६ साली मधला भाग वर उचलताना निसटून पडला आणि आणखी १३ जण दगावले. १९१७ साली पूल एकदाचा पूर्ण झाला. त्याचा १,८०० फुटांचा गाळा त्या प्रकारात आजही जगात सर्वांत लांब आहे.

कॅनडातील अभियंत्यांचा एक प्रघात आहे. पदवीच्या सुमारास एका खासगी विधीत शपथ घेऊन ते आपल्या कामाच्या हाताच्या करंगळीत एक साधी अंगठी घालतात. आराखड्यावर हात फिरताना ती कागदाला टेकत राहते. पहिल्या अंगठ्या कोसळलेल्या क्वेबेक पुलाच्या लोखंडाच्या होत्या, अशी आख्यायिका आहे. ती खरी नाही. पण ती पसरली यातच बरेच काही आले. १९२५ साली सुरू झालेल्या या विधीची संहिता लिहिली रुडयार्ड किपलिंग यांनी. त्यांचा जन्म मुंबईचा, १८६५ सालचा, वडील जे. जे. कला विद्यालयात शिकवीत. गंगेवरील पूल बांधणाऱ्या अभियंत्याची कथाही किपलिंग यांनी लिहिली आहे.

शंभर वर्षे लोटली. १ ऑगस्ट २००७ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात मिसिसिपी नदीवरील महामार्गाचा पूल सायंकाळच्या गर्दीच्या वेळी कोसळला. १३ जण ठार झाले, १४५ जखमी. हाही पोलादी ट्रसचा पूल. चौकशीत निष्पन्न झाले की दोष दांड्यांचा नव्हता. जेथे अनेक दांडे एकत्र येतात तेथे त्यांना जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या, ज्यांना गसेट प्लेट म्हणतात, मूळ आराखड्यातच निम्म्या जाडीच्या योजल्या गेल्या होत्या. एक इंच हवे होते तेथे अर्धा इंच. पूल १९६७ पासून चाळीस वर्षे उभा राहिला. मध्यंतरी त्यावर काँक्रीटचा जादा थर चढला, आणि अपघाताच्या दिवशी तर दुरुस्तीच्या कामासाठी वाळू, खडी व यंत्रे मिळून अडीचशे टनांहून अधिक भार मधल्या गाळ्यावर रचलेला होता. चौकशी करणाऱ्यांना जुन्या पाहण्यांची छायाचित्रे मिळाली. २००३ सालच्या छायाचित्रांत त्याच सांध्यांवरील पट्ट्या बाक आलेल्या स्पष्ट दिसत होत्या. छायाचित्र घेतले गेले, पण बाकाचा अर्थ कोणी लावला नाही.

वाळूची बादली सगळेच धोके दाखवू शकत नाही, हेही खरे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्याही. तेथे वरचा भार नव्हे, तर खवळलेले पाणी काळ ठरले. पायाखालची माती पाणी कसे उकरून नेते, हे दोन टेबलांमधील पोकळीवर शिकता येत नाही. त्यासाठी दुसरी प्रयोगशाळा हवी. परंतु वाकणारा दांडा पाहणे, त्याचा अर्थ लावणे आणि ओतणाऱ्याला वेळीच ‘थांब’ म्हणणे, एवढे तरी त्या टेबलाशी नक्की शिकता येते.

तुकड्यांचा खोका

स्पर्धेतील सर्वांत उपयुक्त अर्धा तास पूल मोडल्यानंतरचा असतो. जाणते शिक्षक मुलांना तुकडे केरात टाकू देत नाहीत. ते सर्व गोळा करून बुटांच्या रिकाम्या खोक्यात ठेवावयाचे आणि आधी काय मोडले, हे शोधून काढावयाचे. हे काम वाटते तितके सोपे नसते, कारण एक दांडा गेला की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो आणि निमिषार्धात सारेच जातात. तुकडे मात्र बोलतात. काडी मध्ये मोडून तिचे धागे एका बाजूस उसकटलेले असतील तर ती वाकून मोडली. टोकाशी स्वच्छ सुटून आली असेल आणि गोंदाची चकचकीत खूण तेवढी उरली असेल तर सांधा कच्चा. गोंदाबरोबर लाकडाचा पापुद्राही उचकटून आला असेल तर सांधा उत्तम होता, लाकूडच पुरले नाही. एक बाजू शाबूत आणि दुसरी चक्काचूर, तर पूल पिळला. अलीकडे मुले मोबाइलवर चित्रण करून ते संथ गतीने पुनःपुन्हा पाहतात, आणि अनेकदा असे आढळते की ज्या काडीवर सर्वांनी ठपका ठेवला होता ती निर्दोष होती; तिच्या शेजारची बारीकशी आधारकाडी आधीच सुटली होती.

हे सारे वहीत उतरवून ठेवावे लागते: पुलाचे वजन, पेललेला भार, मोडण्याची जागा, अंदाज काय होता, घडले काय. अपेक्षेपेक्षा अधिक भार पेलला तर मुले सुखावतात. जाणता शिक्षक तेथेही ‘का?’ असे विचारतो. हिशेब चुकला तो आपल्या बाजूने चुकला, म्हणून तो बरोबर ठरत नाही. बँकेच्या तपासनीसांना हा मुद्दा पटेल. खात्यात शिल्लक जास्त निघाली तरी ताळमेळ लागेपर्यंत ते खुर्ची सोडीत नाहीत.

पुढच्या हंगामात नियम बदललेले असतात. गाळा थोडा लांब, उंचीची मर्यादा थोडी कमी, भाराची जागा वेगळी. गेल्या वर्षीच्या विजेत्याचा आराखडा जसाच्या तसा उतरवून काढण्याची सोय राहत नाही. पुन्हा कोरा कागद, पुन्हा प्लास्टिकचे आवरण, पुन्हा एकेक काडी तराजूवर.

इकडे सभागृहात सांडलेली वाळू झाडून बादलीत भरली जाते. पुढची जोडी आपला पूल दोन्ही हातांनी, एखादे पाखरू धरावे तसा धरून आणते, पोकळीवर ठेवते, साखळी अडकविते. एक मुलगी वाळूचे भांडे उचलते. दुसरी चष्मा नीट करते, गुडघे टेकते आणि डोळे पुलाच्या उंचीला आणून म्हणते, “हळू ओत. मी सांगेपर्यंत पुढचे भांडे उचलू नकोस.”